न वाढलेलं अनुदान : एडिनबराच्या फिल्महाउसचं प्रकरण

६ ऑक्टोबर २०२२, गुरुवार. स्कॉटलंडची राजधानी एडिनबरा. तिथल्या लोदियन रोडवर एका जुन्या चर्चच्या इमारतीत चाललेलं 'फिल्महाउस' हे कलात्मक चित्रपटांचं सिनेमागृह त्या दिवशी बंद झालं. ते चालवणाऱ्या संस्थेने दिवाळखोरी जाहीर केली आणि १०७ कर्मचाऱ्यांपैकी १०२ जणांची नोकरी त्याच दिवशी गेली. त्याच संस्थेचं अॅबर्डीन शहरातलं बेलमाँट सिनेमागृहही बंद झालं आणि १९४७ पासून चालत आलेला एडिनबरा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवही एका झटक्यात निराधार झाला.

मी एका मध्यम आकाराच्या शहरातल्या फिल्म सोसायटीचं काम बघतो. आमच्याकडे स्वतःचा पडदा नाही. महिन्यातून दोन रविवार पालिकेचं सभागृह सवलतीच्या भाड्यात मिळतं आणि आमच्या वाट्याला येणारा सरकारी पैसा तेवढाच. म्हणून हे प्रकरण मी सुरुवातीपासून बारकाईने पाहत आलो. आपल्याकडच्या सोसायट्यांनी ते नीट समजून घ्यावं असं मला मनापासून वाटतं. यातल्या संस्था आणि शहरं जाहीर माहितीतली असल्यामुळे त्यांची नावं ठेवली आहेत, व्यक्तींची घेतलेली नाहीत.

पार्श्वभूमी

एडिनबरा फिल्म गिल्ड ही जगातल्या सर्वांत जुन्या फिल्म सोसायट्यांपैकी एक. १९३० च्या आसपास ती सुरू झाली. १९४७ साली तिने माहितीपटांचा महोत्सव भरवला आणि त्यातूनच पुढे आंतरराष्ट्रीय महोत्सव उभा राहिला. त्याच १९४७ साली सत्यजित राय आणि चिदानंद दासगुप्ता यांनी कलकत्ता फिल्म सोसायटी काढली. आपल्या फिल्म सोसायट्यांचा महासंघ १९५९ चा, मुंबईचं प्रभात चित्र मंडळ १९६८ चं. म्हणजे आपण आणि ते एकाच चळवळीतले. फरक पडला तो पुढे. तिथे चळवळीला स्वतःची इमारत मिळाली. आपल्याकडे चळवळ कायम दुसऱ्याच्या सभागृहात राहिली.

फिल्महाउस लोदियन रोडवर आलं ते १९७० च्या दशकाच्या शेवटी. तीन पडदे, त्यातला मोठा पावणेतीनशेच्या घरातल्या खुर्च्यांचा, आणि खाली कॅफे-बार. अशा सिनेमागृहाचा संसार तीन गोष्टींवर चालतो : तिकिटांचे पैसे, खाण्यापिण्याची विक्री आणि अनुदान. तिकिटातला मोठा वाटा वितरकाकडे जातो. मंगळवारी दुपारी हंगेरीचा जुना कृष्णधवल चित्रपट लावला तर तीस माणसं येतात. त्या तीस माणसांसाठी प्रोजेक्टर चालवणारा, तिकीट देणारा, साफसफाई करणारा असे सगळे लागतात आणि दिवे-हीटर तीनशे माणसांसाठी लागतात तेवढेच लागतात. हा खेळ तोट्यातच जाणार. तो लावता यावा म्हणूनच तर अनुदान असतं.

२०१० साली सिनेमागृह आणि महोत्सव एका धर्मादाय संस्थेखाली आले. तिचं नाव 'सेंटर फॉर द मूव्हिंग इमेज'. २०१४ मध्ये अॅबर्डीनचं बेलमाँटही तिच्याकडे आलं. एक कार्यालय, एक हिशेब, एक विश्वस्त मंडळ. खर्च वाचेल, अनुभव वाटून घेता येईल, हा विचार त्या वेळी चुकीचा नव्हता. निधीचा मुख्य स्रोत होता क्रिएटिव्ह स्कॉटलंड, म्हणजे कलांसाठी सरकारी आणि राष्ट्रीय लॉटरीचा पैसा वाटणारी संस्था, आणि तिचाच चित्रपट विभाग असलेली स्क्रीन स्कॉटलंड.

अडचण

बंद पडताना संस्थेने कारणं दिली. वीज-गॅसचे वाढलेले दर, महासाथीनंतर निम्म्यावर आलेला प्रेक्षक, महागाईने खिसा सैल सोडायला घाबरणारे लोक. बातम्यांमध्ये हीच कारणं ठळकपणे आली. पण त्याच निवेदनात आणखी एक गोष्ट होती : सार्वजनिक अनुदान आठ वर्षांहून अधिक काळ जिथल्या तिथे थांबलं होतं.

माझ्या मते प्रकरणाची गाठ इथेच आहे.

अनुदान कापलं की आरडाओरडा होतो, सह्यांची मोहीम निघते, वर्तमानपत्रात पत्रं येतात. तेच अनुदान 'गेल्या वर्षीइतकंच' मंजूर झालं की सगळे सुटकेचा श्वास सोडतात आणि अध्यक्ष आभाराचं पत्र पाठवतात. आता साधा हिशेब करू. बँक ऑफ इंग्लंडचं महागाईचं उद्दिष्ट वर्षाला २ टक्के आहे. महागाई अगदी उद्दिष्टाप्रमाणे वागली तरी आठ वर्षांनी १०० पौंडांच्या अनुदानाची किंमत ८५ पौंडांवर येते. आपल्याकडे ६ टक्के धरा, तर एक लाखाचं अनुदान आठ वर्षांत ६३ हजारांच्या आसपासचं होतं. कुणी कात्री लावली नाही, कुठे ठराव झाला नाही, तरी तिसरा हिस्सा गेला. त्यात ऑक्टोबर २०२२ मध्ये ब्रिटनची महागाई ११.१ टक्क्यांवर पोचली. आधीच पातळ झालेली दोरी तिथे तुटली.

दुसरी अडचण इमारतीची होती. इमारत संस्थेच्याच मालकीची. एरवी आपण म्हणू, यापेक्षा चांगलं काय असणार! पण संस्था बुडाली की तिची मालमत्ता धनको मंडळींचे पैसे फेडायला काढली जाते. दिवाळखोरीत नेमलेल्या प्रशासकांचं कायदेशीर कर्तव्य मालमत्तेचे जास्तीत जास्त पैसे उभे करणं हे असतं. शहराचं सांस्कृतिक नुकसान किती, हा प्रश्न त्यांच्या कक्षेत येत नाही. चाळीसेक वर्षं लोकांच्या कराच्या आणि लॉटरीच्या पैशांवर जगलेली वास्तू त्यामुळे एका रात्रीत शहराच्या मध्यवस्तीतला भूखंड झाली.

समोरचे पर्याय

इथे थोडं मागे जावं लागेल, कारण मोठा निर्णय २०२२ च्या आधीच झाला होता.

मार्च २०२० मध्ये संस्थेने नव्या फिल्महाउसचा आराखडा जाहीर केला. समोरच्या फेस्टिव्हल स्क्वेअरमध्ये ११ मजली इमारत, सहा पडदे, खर्च सुमारे ५ कोटी पौंड. जुनी इमारत अपुरी पडते, चाकाच्या खुर्चीवरच्या प्रेक्षकांना अडचण होते, हे संस्थेचं म्हणणं खोटं नव्हतं. दुसरा पर्याय होता आहे तीच इमारत टप्प्याटप्प्याने सुधारण्याचा. जाहीर झाला तो पहिला. त्यानंतर काही दिवसांतच कोविडची टाळेबंदी आली.

बांधकामासाठी पैसा मागणं सोपं असतं. कोनशिला बसते, फोटो निघतो, मंत्री येतात. रोजच्या चालवण्याचा पैसा मागायला गेलं की समोरच्याचा चेहरा पडतो. आपल्याकडेही नाट्यगृह बांधायला कोटी मिळतात आणि वर्षभराने त्याच नाट्यगृहातला एसी दुरुस्त करायला हजार मिळत नाहीत. त्यामुळे त्या विश्वस्तांना मी सरसकट दोष देत नाही. तरीही रोजचा खर्च भागत नसताना सगळ्यांचं लक्ष एका स्वप्नातल्या इमारतीकडे लागणं घातक असतं, हे म्हणायलाच हवं.

ऑक्टोबर २०२२ नंतर सरकारी संस्थांपुढे ढोबळमानाने चार वाटा होत्या. जुन्या संस्थेत तातडीचा पैसा ओतायचा. ती बुडू द्यायची पण इमारत विकत घ्यायची. महोत्सव वेगळा काढून तेवढा वाचवायचा. किंवा शहरात कॅमिओसारखं साखळी कंपनीचं, पण चोखंदळ चित्रपट लावणारं दुसरं सिनेमागृह आहेच, असं म्हणून बाजारावर सोडून द्यायचं. हा शेवटचा युक्तिवाद वरवर पाहता पटतो. पण साखळीतल्या सिनेमागृहाने काय लावायचं हे शेवटी साखळी ठरवते. तीस माणसांचा मंगळवारचा खेळ तिच्या हिशेबात बसत नाही.

सिनेमागृह वाचवण्यासाठी चौघांनी मोहीम सुरू केली. त्यांच्यापुढचा प्रश्न आणखी अवघड होता. ते चौघं याच संस्थेत पूर्वी काम केलेले. ही इमारत विकत घ्यायची, ती भाड्याने मिळवायची, की दुसरी जागा शोधायची?

काय केलं

पहिली हालचाल महोत्सवाच्या बाबतीत झाली. ऑगस्ट २०२३ मध्ये संगीत-नाटकांच्या 'एडिनबरा आंतरराष्ट्रीय महोत्सव' या वेगळ्या महोत्सवाच्या छत्राखाली चित्रपट महोत्सवाची छोटी आवृत्ती पार पडली आणि २०२४ मध्ये चित्रपट महोत्सव नव्या संस्थेच्या नावाने पुन्हा उभा राहिला. महोत्सवाला स्वतःची भिंत लागत नाही, वर्षातले काही दिवस पडदे भाड्याने घेतले की भागतं. सिनेमागृहाला रोज दार उघडावं लागतं. एकाच दिवशी बुडालेल्या दोन गोष्टींपैकी एक दहा महिन्यांत सावरली, दुसरीला त्याच्या तिपटीहून अधिक काळ लागला.

इमारत विक्रीला निघाली तेव्हा मागणी किंमत होती २० लाख पौंडांच्या घरात. स्क्रीन स्कॉटलंडचा खरेदीचा प्रस्ताव प्रशासकांनी स्वीकारला नाही. त्या चौघांनी २०२२ च्या अखेरीस लोकवर्गणी सुरू केली. काही आठवड्यांत २० लाख पौंड लोकांकडून उभे करायचे, हे कुणालाही अशक्यच वाटलं असतं. लोकांनी मन मोठं करून दिलं, सिनेमागृह वाचवण्यासाठीच्या याचिकेवर वीस हजारांहून अधिक सह्या झाल्या, नामवंत नट पाठीशी उभे राहिले. तरी २०२३ मध्ये इमारत कॅलेडोनियन हेरिटेबल या पब आणि मालमत्ता व्यवसायातल्या कंपनीने घेतली.

आपल्याकडे बहुतेक मोहिमा इथे संपतात. निषेधाचं एक पत्रक, एक श्रद्धांजलीवजा लेख, आणि मग सगळे आपापल्या कामाला. या चौघांनी तसं केलं नाही. ज्या खरेदीदारामुळे त्यांची बोली हुकली, त्याच्याशीच ते बोलायला बसले. जागा पुन्हा सिनेमागृह म्हणून चालवायला द्याल का? बरीच बोलणी होऊन २५ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर ठरलं. या प्रकरणातला सगळ्यांत शहाणपणाचा निर्णय मी यालाच म्हणेन. मालकीचा हट्ट सोडला आणि ताबा मिळवला. २५ वर्षांचा करार हातात असला की सरकारी निधी मागता येतो, कारण अकरा-अकरा महिन्यांच्या करारावरच्या जागेत कुणी सार्वजनिक पैसा घालत नाही.

मग 'दारं उघडा' अशा अर्थाच्या नावाने साडेबारा लाख पौंडांची नवी मोहीम निघाली. ब्रिटन सरकारने १५ लाख पौंड दिले. स्क्रीन स्कॉटलंड आणि शहर परिषद यांनीही आपापला वाटा उचलला. बाकी वर्गणी.

निष्पत्ती

२७ जून २०२५ रोजी फिल्महाउस पुन्हा उघडलं. जागा तीच, आतून नव्याने केलेली, आणि तीनऐवजी चार पडदे. बंद पडल्यापासून बत्तीस महिन्यांहून अधिक काळ गेला होता.

आनंदाची गोष्ट आहेच, आणि ज्यांनी ती घडवली त्यांच्याबद्दल मला अतिशय आदर आहे. पण त्या १०२ जणांचं काय, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही. प्रोजेक्शनवाला तीन वर्षं थांबत नाही, तो दुसरं काम शोधतो. दर आठवड्याला ठरलेल्या खुर्चीत बसणारा सत्तर वर्षांचा प्रेक्षक तीन वर्षं घरी बसला की त्याची सवय मोडते. या दोन गोष्टी कुठल्याच निधीच्या अर्जात दिसत नाहीत.

आणि अॅबर्डीन? फिल्महाउसची दारं उघडली तेव्हा बेलमाँट अजून बंदच होतं. तिथली इमारत तर शहर परिषदेच्या मालकीची. तिथल्या लोकांनीही समूह बांधला, पैसे जमवायला घेतले. म्हणजे इमारत सरकारी असती तर सगळं वाचलं असतं, असंही म्हणता येत नाही. एडिनबरात इमारत गेली तरी सिनेमा परत आला, अॅबर्डीनमध्ये इमारत राहिली आणि दार बंद. या दोन शहरांकडे एकत्र पाहिल्याशिवाय हे प्रकरण नीट कळत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली गोष्ट अनुदानाच्या कराराची. दर वर्षी नव्याने हात पसरण्याऐवजी तीन किंवा पाच वर्षांचा करार आणि त्यात महागाईप्रमाणे वाढीचं कलम. ते मिळालं नाही तर निदान दरवर्षीच्या अहवालात दोन आकडे शेजारी शेजारी छापावेत : मिळालेली रक्कम, आणि पहिल्या वर्षाच्या किमतीत तिचं मोल. देणाऱ्या अधिकाऱ्याला आणि सभासदांनाही तो उतार डोळ्यांनी दिसला पाहिजे. तिथे आठ वर्षांत कधीतरी हा तक्ता ठळकपणे लोकांसमोर आला असता, तर ज्या वीस हजार लोकांनी बंद पडल्यावर सह्या केल्या त्यांनी त्या आधी केल्या असत्या. लोक होते. त्यांना वेळेवर सांगितलं गेलं नाही.

दुसरी गोष्ट इमारतीची. सिनेमागृह चालवणारी संस्था आणि इमारत धरून ठेवणारा न्यास हे वेगळे असते, तर चालवणारी संस्था बुडाली तरी वास्तू विक्रीला निघाली नसती. दुसरा मार्ग म्हणजे सार्वजनिक पैसा देतानाच अट घालायची, की विक्रीची वेळ आली तर पहिला हक्क शहराचा. ही अट चांगल्या दिवसांत घालावी लागते. बुडत्या काळात प्रशासकांसमोर कुणाचं काही चालत नाही.

तिसरी गोष्ट एकत्रीकरणाची, आणि इथे माझं मत थोडं डळमळीत आहे. दोन सिनेमागृहं आणि एक महोत्सव एकाच थैलीत नसते तर तिन्ही एका दिवशी बुडाले नसते, हे खरं. पण वेगवेगळे राहिले असते तर कदाचित बेलमाँट आधीच बंद पडलं असतं. एकत्र राहावं, पण हिशेब आणि देणी वेगळी ठेवावीत, इतकंच मी खात्रीने सांगू शकतो.

चौथी गोष्ट पुढची. परत उघडताना आलेला मोठा सरकारी पैसा हा दुरुस्तीचा आणि उभारणीचा आहे. मंगळवारच्या तीस माणसांच्या खेळाचा तोटा त्यातून दरवर्षी भरून निघणार नाही. तो प्रश्न २०१४ साली होता तसाच समोर उभा आहे.

आमच्याकडे काय झालं

गेल्या पावसाळ्यातल्या एका रविवारी मी आणि आमचे खजिनदारकाका सभागृहाच्या दारात पोचलो. हातात हार्ड डिस्क, पिशवीत सभासदांसाठी छापलेली टिपणं. वॉचमन म्हणाला, "सर, आज हॉल नाही मिळायचा. वरून फोन आलाय, सत्काराचा कार्यक्रम ठेवलाय." आमची पावती खिशात होती. काकांनी ती दाखवली. तो बिचारा म्हणाला, "काका, पावती बरोबर आहे हो. पण मी काय करू?" छत्र्या घेऊन आलेले चाळीसेक सभासद पायऱ्यांवरून परत गेले. त्यातल्या काही जणी बससाठी दोन तास आधी निघालेल्या.

त्या रात्री काकांनी गेल्या दहा वर्षांच्या पावत्या काढल्या. आमची सवलत टक्क्यांत नव्हती, ठरावीक रकमेची होती. मूळ भाडं दोनदा वाढलं, सवलतीची रक्कम तीच राहिली. दहा वर्षं आम्ही दर मार्चमध्ये पालिकेचे आभार मानत होतो आणि सवलत आमच्या हातातून निसटत होती. एडिनबराचा आठ वर्षांचा आकडा मी तोवर अनेकदा वाचला होता. स्वतःच्या पावत्यांकडे मात्र त्या नजरेने कधी पाहिलं नव्हतं.

आपल्या राज्यात मराठी चित्रपट बनवणाऱ्याला सरकारी अनुदान मिळतं. तो चित्रपट, किंवा जगातला कुठलाही चांगला चित्रपट, सातत्याने दाखवणाऱ्या छोट्या संस्थेसाठी तसा भक्कम आधार नाही. केरळात सरकारी चित्रपट महामंडळाची स्वतःची सिनेमागृहं आहेत, कोलकात्यात १९८५ पासून नंदन हे सरकारी चित्रपट केंद्र आहे. आपल्याकडे पुण्याला १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, हे भाग्यच. पण पुण्याबाहेरच्या माणसाने काय करायचं? त्याच्यासाठी पालिकेचं सभागृह हेच फिल्महाउस.

कार्यकारिणीत दोन मतं पडली. जुन्या सभासदांचं म्हणणं, "उगाच बोट दाखवू नका, आहे ती सवलतही काढून घेतील." ही भीती निराधार नाही, मी तिला हसणार नाही. दुसरं मत काकांचं : "मागितलं नाही तरी ती जातेच आहे, हा कागद बघा." शेवटी काकांचा तक्ता जोडून अर्ज करायचं ठरलं. मागण्या तीनच ठेवल्या. सवलत रकमेत न देता मूळ भाड्याच्या टक्क्यांत द्यावी, ती वर्षाच्या मर्जीवर न ठेवता पाच वर्षांच्या ठरावाने द्यावी, आणि पावती फाडलेली तारीख रद्द करायची झाली तर किमान सात दिवस आधी लेखी कळवावं.

अर्ज अंदाजपत्रकाची तयारी सुरू होण्याआधी जावा म्हणून काका स्वतः ऑक्टोबरमध्ये पालिकेत गेले. आवक खिडकीवरच्या बाईंनी तक्ता उलटून पाहिला आणि विचारलं, "हा कुणी बनवला?" काका म्हणाले, "मीच. तुमच्याच पावत्यांवरून." त्यांनी शिक्का मारला, आवक क्रमांक लिहून दिला आणि फाईल लेखा विभागाकडे पाठवली. सध्या ती तिथे आहे. काका दर सोमवारी जाऊन विचारतात.